पार्ट बदलण्याआधी माप दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गॅरेज निवडताना बहुतेकांची चौकशी दोनच प्रश्नांवर संपते: स्वस्त कोण आणि ओळखीचा कोण. त्यानंतर कंपनीचे सर्व्हिस सेंटर बरे की बाहेरचा मेकॅनिक, हा न मिटणारा वाद. खरे तर हातात कसब असलेली माणसे दोन्हीकडे असतात आणि गरज नसताना पार्ट बदलणारीही दोन्हीकडे असतात. या कामातल्या माणसाची नजर वेगळ्याच गोष्टीवर जाते. पार्ट बदला असे सांगण्याआधी त्याने तो मोजला होता का?

ब्रेक पॅडचेच घ्या. नव्या पॅडचे अस्तर साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाड असते आणि ते 3 मिलिमीटरच्या आसपास आले की पॅड बदलतात. 6 मिलिमीटर शिल्लक असताना 'संपत आलेत' असे सांगणाऱ्याला घाई पॅडची नसते, बिलाची असते. चाक काढल्यावर कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, फटीतून अस्तर डोळ्यांनी दिसते, पण आतला आणि बाहेरचा असे दोन्ही पॅड पाहायला हवेत. एक पॅड पत्र्याला टेकलेला आणि दुसरा अर्धा शिल्लक, असे असेल तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून किंवा ग्रीस सुकून जाम झालेल्या असतात, नाहीतर पिस्टन अडकलेला असतो. पिना काढून साफ न करता, ब्रेकसाठीचे ग्रीस न लावता नुसते नवे पॅड बसवले, की काही महिन्यांत तीच तक्रार घेऊन गिऱ्हाईक परत दारात. डिस्कचेही तसेच. किमान किती जाडी चालेल तो आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेलाच असतो. डिस्क गेली म्हणणाऱ्याने मायक्रोमीटर लावून त्या आकड्याशी पडताळून दाखवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

बॅटरीचा निकालही अंदाजाने देऊ नये. गाडी काही तास उभी असताना चांगली चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना व्होल्टेज 9.6 च्या खाली घसरत असेल, तर संशयाला जागा आहे. इंजिन चालू असताना साधारणपणे 13.8 ते 14.4 दिसते. ते 12.5 लाच अडकून राहत असेल, तर बॅटरीला नावे ठेवण्याआधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, त्याचा बेल्ट आणि अर्थिंगची वायर पाहावी. हे न पाहता नवी बॅटरी विकली, तर तीही आठवडाभरात बसते.

सगळ्यात जास्त गफलत स्कॅनरमुळे, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रामुळे होते. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लागला, यंत्र जोडले, कोड आला, पार्ट बदलला. पण कोड म्हणजे निदान नव्हे. ताप आहे एवढेच थर्मामीटर सांगतो, कशामुळे आहे ते नाही. 'पी 0171' या कोडचा अर्थ इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, इतकाच. कारण इंजिनात हवा नेणारा इनटेकचा चिरलेला पाइप असू शकते, हवा मोजणारा मळलेला सेन्सर असू शकते किंवा पंपाचा कमी पडलेला दाबही. बऱ्याचदा मात्र बदलला जातो तो ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे बातमी आणणाराच! म्हणून 'कोड कोणता आला' एवढ्यावर थांबू नका, 'त्यानंतर काय तपासले' हेही विचारा. इनटेकमध्ये धूर सोडून गळती शोधली, इंधनाचा दाब मोजला, असे नेमके उत्तर यायला हवे. दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना दिवा विझलेला आहे, याला पुरावा मानू नका. कोड स्कॅनरने पुसता येतो. गाडी काही दिवस वेगवेगळ्या वेगाने चालून तिच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण होईपर्यंत खरे काय ते कळत नाही.

एसीचा गॅस 'संपला' असे सर्रास सांगतात. तो संपत नाही, गळतो. दरवर्षी गॅस भरून घेणे म्हणजे दरवर्षी गळतीला खायला घालणे. चांगला कारागीर आधी नायट्रोजनचा दाब देऊन किंवा रंगद्रव्य टाकून गळती शोधतो, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढतो आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला गॅस ग्रॅममध्ये तोलून भरतो. हाताला थंड लागेपर्यंत भरत राहणे धोक्याचे. जास्त गॅसने दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर जातो.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग वगैरेंची पॅकेजे मालकाच्या पुस्तिकेत नसतील, तर लक्षण असल्याशिवाय घेऊ नयेत. बस.

कागदाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. जॉब कार्डवर मीटरचे रीडिंग आणि तक्रार तुमच्या शब्दांत असावी. 'ब्रेक चेक' असे नको, 'सकाळी पहिल्यांदा ब्रेक दाबताना पुढून डावीकडे खरखर' असे हवे. अंदाजपत्रकात पार्ट आणि मजुरी वेगवेगळी असावी. वाढीव काम निघाले तर फोन करून परवानगी घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आधीच लिहून घ्यावे. जुने पार्ट परत मागावेत. अल्टरनेटर, स्टार्टर असे बदलीत परत द्यावे लागणारे आणि वॉरंटीतले पार्ट घरी नेता येत नाहीत, पण पाहता तरी नक्कीच येतात. बिलावर पार्टचा ब्रँड आणि नंबर हवा. कंपनीच्या खोक्यात नसलेला प्रत्येक पार्ट डुप्लिकेट नसतो. गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणारे कारखाने तोच माल आपल्या खोक्यातही विकतात. नाव-नंबर नसलेल्या पार्टची खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही.

एक गोष्ट गिऱ्हाइकांनाही सांगायला हवी. तपासणीचे वेगळे पैसे घेणाऱ्या गॅरेजवर रागावू नका. बिघाड शोधण्यात दोन तास जातात. ते फुकट दिले, तर वसुली कुठल्या तरी पार्टमधूनच होणार. आणि 'ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आम्ही खोलत नाही' असे स्पष्ट सांगणारा मेकॅनिक बाकीच्या कामांसाठी हमखास धरून ठेवावा.

गॅरेज शोधायचे ते गाडी धडधाकट असताना. बंद पडलेली गाडी टो करून नेल्यावर निवड करायला वाव उरत नाही. पहिल्यांदा ऑइल बदलण्यासारखे छोटे काम द्यावे आणि जवळ उभे राहावे. पुस्तिकेतल्या ग्रेडचेच ऑइल, सीलबंद डबा समोर फोडून घातले का? फिल्टरबरोबर ड्रेन प्लगचा वॉशर बदलला का? चाके काढली असतील, तर नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळले की नुसती एअर गन चालवली? गनने अंदाजाने आवळलेल्या नटांमुळे स्टड ताणले जातात, आणि पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने ते सुटता सुटत नाहीत. शेवटी इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, ऑइल खाली उतरू द्यावे आणि सपाट जागेवर डिपस्टिक पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. वरच्या खुणेच्या बरेच वर गेले, तर क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करते आणि वंगण नीट पोहोचत नाही. एवढेही ज्याने पाहिले नाही, त्याच्याकडे ब्रेकचे काम देऊ नये.

आपला,
एक मेकॅनिक