वाचनालयातल्या ताईंना, मनापासून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही या महिन्यात निवृत्त होताय असं कळलं, म्हणून हे पत्र. कासवाचं ते जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सारखं घरी नेणारी मुलगी आठवते का? तिचा मी बाबा. पत्र सगळ्यांना वाचता यावं असं उघडच लिहितोय, कारण तुम्ही आम्हाला जे दिलंत ते लहान मूल असलेल्या कुठल्याही घराच्या कामाचं आहे.

तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. पुन्हा तेच पुस्तक हवं म्हणते, दुसरं देऊ का, असं मी विचारलं. तुम्ही तारखेचा शिक्का मारून तेच तिच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "तिचं अजून त्यातून घेऊन झालं नाहीये." पुढे यावरचं संशोधन वाचनात आलं. २०११ साली ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच गोष्टी परत परत वाचून दाखवल्या, काहींना दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे तेच आणि तितक्याच वेळा. तरी त्याच गोष्टी ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द अधिक चांगले उचलले. मला हे पटतं. पहिल्यांदा ऐकताना पुढे काय होणार यातच मूल गुंतलेलं असतं. गोष्ट पाठ झाली की कान शब्दांकडे वळतो. आमच्याकडे 'अलगद' असाच आला. कासव अलगद डोकं बाहेर काढतं, आणि मग एके दिवशी दुधाचा पेलाही अलगद खाली ठेवला गेला. आम्ही मुलांशी बोलतो ते बहुतेक जेव, झोप, चप्पल घाल एवढंच. असे शब्द त्यात येणार कुठून?

पण तुमचं सगळ्यात मोलाचं सांगणं दुसरंच होतं: पान उलटायची घाई करू नका, आणि परीक्षाही घेऊ नका. "हा रंग कुठला, हे किती" असं विचारलं की मूल गप्प होतं, हे तुम्ही रोज पाहत होतात. त्याऐवजी थांबायचं, ती बोट कुठे ठेवते ते बघायचं, तिच्या शब्दांत थोडी भर घालायची. ती म्हणायची, "कासव रडतं." मी म्हणायचो, "हो, घर सापडत नाही म्हणून रडतंय. आता ते कुणाला विचारेल?" मग तिच्याकडून भलतंच काहीतरी उत्तर यायचं आणि आमची गोष्ट पुस्तक सोडून तिकडेच जायची. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली नेमकं हेच तपासलं होतं. वाचन दोन्ही गटांतल्या घरांत होत होतं, पण एका गटातल्या आईवडिलांना असं थांबून, विचारून, भर घालून वाचायला शिकवलं. महिन्याभरातच त्यांची मुलं बोलण्याच्या चाचण्यांत कित्येक महिन्यांनी पुढे होती. पुस्तकं दोन्हीकडे होती, फरक पडला तो मुलाला बोलायला जागा मिळाल्याने. म्हणूनच गोष्टी वाचून दाखवणारा मोबाइल मला पुरेसा वाटत नाही. तो वाचतो छान, पण मध्येच थांबून तिचं ऐकत नाही.

आता ती स्वतः वाचते. "म्हणून तुम्ही थांबू नका," हेही तुमचंच. या वयात अक्षरं जुळवण्यातच मुलांची बरीच शक्ती जाते. स्वतः वाचून जेवढं समजतं त्याहून कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजते, आणि हे अंतर भरून यायला काही वर्षं लागतात. दिवसा ती तिची सोपी पुस्तकं वाचते, रात्री मी तिच्या आवाक्याबाहेरची.

सध्या समुद्रसफरीची एक लांबलचक कादंबरी चालू आहे. परवाच्या प्रकरणात जहाजावरचा म्हातारा खलाशी वारला. तिने पुस्तकावर हात ठेवला आणि विचारलं, "तो आता कुठे गेला?" मग प्रकरण तसंच राहिलं आणि मरण म्हणजे काय यावर आम्ही झोपेची वेळ टळून जाईपर्यंत बोललो. एरवी हा विषय मी तिच्याजवळ कसा काढला असता, मला सुचलं नसतं. त्या रात्रीसाठी तुमचे विशेष आभार, ताई.

तुमचा ऋणी,
एका बालसभासदाचा बाबा