सह्या केल्या कुणी आणि जमीन कुणाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅनडातल्या पाइपलाइनला होणाऱ्या विरोधाबद्दल बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं, की आदिवासींच्या २० कौन्सिलांनीच करार केलेत, मग हे रस्ता अडवणारे कोण? हे ऐकून राहवत नाही म्हणून लिहितेय.

कोस्टल गॅसलिंकची ६७० किमी गॅस पाइपलाइन ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वेट्सुवेटेन या आदिवासी लोकांच्या मुलखातून जाते. सह्या करणाऱ्या बँड कौन्सिल्स १८७६ च्या इंडियन ॲक्टमधून आल्या, म्हणजे सरकारनेच बनवलेल्या, आणि त्यांचा कारभार रिझर्व्हच्या, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीच्या, छोट्या तुकड्यांपुरता. बाकीचा सगळा मुलूख, साधारण २२ हजार चौ. किमी, त्यांच्या कायद्याप्रमाणे पाच कुळांचा, आणि त्याबद्दल बोलायचं ते पिढीजात प्रमुखांनी. पाचही कुळांच्या प्रमुखांनी नकार दिला होता. (कौन्सिलवाले विकले गेले असं मी म्हणणार नाही, गावाला नोकऱ्या आणि पैसा हवाच असतो, पण जी जमीन आपल्या हातात नाही तिची परवानगी आपण कशी देणार?)

बरं, कोर्टाला हे माहीत नाही असंही नाही. याच पिढीजात प्रमुखांनी शेजारच्या गित्क्सन लोकांच्या प्रमुखांसोबत केस लढवली आणि १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाने डेलगामूक निकालात सांगितलं की आदिवासींचा पूर्वापार जमिनीवरचा हक्क प्रांत सरकारला संपवता येत नाही, आणि तोंडी चालत आलेला इतिहासही पुरावा म्हणून धरायला हवा. पण हक्क नक्की कुणाचा ते नव्या सुनावणीत ठरवा म्हणाले, आणि ती सुनावणी झालीच नाही!

नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रांताने आदिवासींच्या हक्कांचा यूएन जाहीरनामा कायद्यात आणला, आणि पुढच्याच महिन्यात कोर्टाने कंपनीच्या बाजूने, रस्ता अडवणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम दिला. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये आणि नंतर २०२०, २०२१ मध्ये, तीन वेळा पोलीस या मुलखात घुसले. २०२१ ला तर विरोध करणाऱ्यांच्या केबिनचं दार कुऱ्हाडीने आणि चेनसॉने फोडून आतल्या बायकांना आणि पत्रकारांना पकडून नेलं. वेड्झिन क्वा नदीचं पाणी हे लोक थेट ओंजळीने पितात, सामन मासे तिच्यातच येतात, आणि तिच्याच खालून ड्रिलिंग करून पाइप नेला. २०२३ मध्ये लाइन पूर्ण झाली.

तेव्हा यापुढे याबद्दल छापाल तेव्हा नुसतं ‘आदिवासींची संमती’ लिहू नका, सही कौन्सिलची होती की कुळप्रमुखांची, एवढं तरी सांगा.

आपली,
एक वाचक