शैलूस, लिस्बनहून

लिस्बन, ३ नोव्हेंबर, रात्र

प्रिय शैलू,

तुझ्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तीन वर्षं दोघींनी मिळून नकाशे बघायचे, पैसे साठवायचे आणि ऐन वेळी लेकीची बारावी पुढे करायची! असो. पहिल्या रात्री दोन वाजता टक्क जागी झाले, शेजारी घोरणारं कुणी नाही म्हटल्यावर तुझीच आठवण आली, एवढं कबूल.

विमानतळ गावातच आहे. मेट्रोच्या लाल मार्गावर बसले, अलामेदाला हिरव्या मार्गावर बदलले आणि रोसिओच्या चौकात वर आले. इथवर मी फारच शहाणी होते. पुढे माझी खोली असलेल्या अल्फामा वस्तीपर्यंत नकाशात जो रस्ता दिसत होता तो रस्ता नव्हताच गं, जिना होता! तोही संपला की डावीकडे दुसरा. या शहराचे फुटपाथ म्हणजे पांढऱ्याकाळ्या दगडांचे बोटभर चौकोनी तुकडे ठोकून केलेली नक्षी. दिसायला रांगोळी, पावसात साबण. सातशे पावलांत बॅगेचं एक चाक गेलं. मग ती उचलून, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लोकांच्या चादरींखालून वाट काढत, मी चौथ्या मजल्यावर पोचले. लिफ्ट नाही.

घरमालकीण ऐंशीच्या पुढची. तिला इंग्रजी येत नाही, मला पोर्तुगीज. तिने माझ्या तळहातावर किल्ली ठेवली, माझी मूठ मिटली आणि म्हणाली, "शाव." मी नुसती बघत राहिले. तिने मूठ परत उघडली, किल्लीवर बोट आपटलं, "शाव!" तेव्हा डोक्यात उजेड पडला. चावी! ते लोक आपल्याकडे आले तेव्हा 'च'च म्हणत होते, पुढे त्यांचा 'श' झाला. आपण मात्र चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार जपून ठेवलाय. मी जोरात "चावी" म्हटलं, तशी आजी हसली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आमचा खेळच झाला. मी बटाटा उचलला, ती म्हणाली "बटाटा". कोबीला 'कोव्ह'. पावाला नाकातून 'पांव'. घमेलं, पगार, लिलाव, तुरुंग हेही त्यांचेच, पण ते भाजीच्या टोपलीत कुठून दाखवणार?

एकटीने जेवायला बसणं मात्र जड गेलं. पहिल्याच रात्री एका खाणावळीत न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीज पुढे आलं. पाहुणचार समजून सगळं चाटूनपुसून खाल्लं. बिलात प्रत्येकाची वेगळी ओळ! आजीने खुणेनं समजावलं ते असं: हात लावायचा नाही, नको म्हणून सरळ परत पाठवायचं. तुला सांगते, आपल्या लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या बाईला हे जमायला आठवडा जाईल. त्या दिवशी उट्टं काढलं ते कोपऱ्यावरच्या भाजलेल्या चेस्टनटवर. या दिवसांत जागोजागी गाड्या लागतात, पांढऱ्या धुराचे लोट उठतात. कागदात बांधून गरम हातात मिळतात. साल काढताना बोटं काळी होतात, चव रताळ्याची. चौपाटीवरच्या शेंगदाण्यांचे पैसे नेहमी मीच द्यायचे, आठवतंय ना?

नदीकाठच्या बेलें भागात जाऊन आले. वास्को द गामाची कबर पाहिली. शाळेतलं १४९८ एवढंच मनात आलं, बाकी काही नाही. नदीतला बुरूज बाहेरूनच पाहिला. पण त्याच्या एका टेहळणी-बुरुजाखाली दगडी गेंडा कोरलाय तो शोधून काढला. पार झिजलाय. गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात घालून १५१५ साली इथे आणला होता. त्याच वर्षाच्या शेवटी पोपला भेट म्हणून पाठवला, तर पुढच्या वर्षी इटलीजवळ जहाज बुडालं. बिचाऱ्याला कुणी विचारलं का? मला तो गामापेक्षा जवळचा वाटला.

आता खरं सांगायचं ते. आज कार्मोच्या चर्चमध्ये गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि वर आभाळ! दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यांच्यावरून गेलेल्या बारीक कमानी, बरगड्यांसारख्या उघड्या, आणि खाली गवत. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, लोक सकाळच्या प्रार्थनेला जमलेले आणि भूकंप झाला. मेणबत्त्यांनी आगी लागल्या, नदीतून लाटा आल्या. खालचं गाव पुढे पोंबाल नावाच्या मंत्र्याने सरळ रस्त्यांचं, आखीव करून बांधलं. ह्या चर्चचं काम पुन्हा काढलं होतं म्हणे, पण अर्ध्यावर सोडलं आणि छप्पर मुद्दाम तसंच ठेवलं. आतल्या खोलीत पेरू देशातल्या दोन ममी आहेत, त्या कशासाठी ते देवालाच ठाऊक.

शैलू, मी त्या गवताच्या कडेला बसले आणि मला वसई दिसायला लागली. किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं चर्च, फरशीत बसवलेले कबरींचे दगड, त्यांवर आपण लंगडी घालायचो. अक्षरांवर पाय द्यायचा नाही हा तुझा नियम होता. चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली १७३९ मध्ये, आणि हे पडलं त्यानंतर सोळा वर्षांनी. तिथे मी त्यांचं पडलेलं घर बघत वाढले आणि इथे त्यांच्याच गावात येऊन पुन्हा छपराविना चर्चमध्ये बसले. परकं असं काही वाटेचना. शेजारी एक जपानी मुलगी फोटो काढत होती, तिने मला रुमाल दिला. मी रडत होते असं नाही. पाऊस लागला होता. बरं, थोडं रडत होते.

संध्याकाळी आजीला फोनवर वसईचे फोटो दाखवले. वसई तिला माहीत नव्हती. कागदावर त्यांचं 'बासाईं' लिहून दिलं तरी खांदे उडवले. मग गोवा म्हटलं, तर शाळेत पाठ केल्यासारखं एका दमात म्हणाली, "गोवा, दामांव, दीउ." मग चष्मा लावून कबरीचा दगड मोठा करून बघितला. अक्षरं धूसर होती, पण दोन शब्द वाचले: "आकी जाझ". इथे विसावला आहे. पुढचं नाव दिसेना, म्हणून चिडली.

तर रविवारी लेकीला अभ्यासाला बसवून किल्ल्यात जा. दाराकडून शिरल्यावर डाव्या हाताचा, ज्याच्यावर तू नेहमी आऊट व्हायचीस, तो दगड. आधी पाणी टाकून पूस, ऊन तिरपं असताना फोटो काढ आणि लगेच पाठव. मी शनिवारपर्यंतच होते, पण आजीने खोली अजून चार दिवस दिली आहे. तिला नाव वाचायचंय.

तुझी,
मंजू

ता.क. चाक बसवून मिळालं. कोपऱ्यावरच्या चांभाराने पैसे घेतले नाहीत, चेस्टनट घेतले.