सही करून झाली आहे, म्हणून हे पत्र

ती. आई आणि बाबा,

सा. न.

फोन केला असता तर आई, तू पहिल्या वाक्यालाच रडली असतीस आणि बाबांनी फोन ताईकडे दिला असता. म्हणून लिहितेय. येत्या मोसमात मी नागालँडकडून क्रिकेट खेळणार आहे. इथून एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, मिळालं, करारावर सहीही झाली. ‘आई-बापाला विचारलं का?’ असं आत्या म्हणेलच. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडून जाणं मला झेपलं नसतं.

रुसून चाललेली नाही हं. इथल्या संघात डावखुऱ्या फिरकीच्या दोघी पक्क्या आहेत, आणि चांगल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीचा खांदा दुखायला लागावा असं मनात यायच्या आत निघालेलं बरं. प्रत्येक राज्याला बाहेरच्या तीन खेळाडू घेता येतात, त्यांतली एक मी. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरेही अशीच नागालँडकडून खेळली. २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-२० सामन्यात नाबाद १६२ केले आणि त्याच वर्षी ती भारताकडूनही खेळली. माझ्या बॅटीत तेवढा जोर नाही हे बाबांना ठाऊकच आहे. पण दहा षटकं टाकायला तर मिळतील! डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे बायकांच्या आयपीएलमध्ये, संघच पाच, प्रत्येकी जास्तीत जास्त १८ जणी. त्यांची माणसं खेळणारीला बघायला येतात, पाणी नेणारीला नाही.

पैशाचं बाबा विचारणारच. डिसेंबर २०२५ मध्ये बीसीसीआयनं मानधन वाढवलं. एकदिवसीय सामन्यात अकरात असलं की ५०,००० रुपये, राखीव असलं की २५,०००. आधी अकरातलीलाही २०,०००च होते. टी-२० ला याच्या निम्मे. अर्थात हा पगार नव्हे, सामने संपले की आवक संपली. ते धरूनच हिशेब केलाय. आईच्या खात्यात दर महिन्याला टाकते ते चालू राहील. पोलीस भरतीचंही डोक्यातून काढलेलं नाही. खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, वयाची अट मी बघून ठेवलीय, अजून वेळ आहे. तोवर अप्पांना ‘बघतेय’ एवढंच सांगा.

आई, दिमापूर म्हणजे बर्फाचा डोंगर नव्हे. सपाटीवरचं गाव आहे, उकाडा आपल्यासारखाच, वर दमट. तो स्वेटर विणू नकोस. तिथं जायला बाहेरच्यांना परवाना, म्हणजे इनर लाइन परमिट, लागतो, तो काढलाय. मुलींसोबतच राहायचं आहे, खोलीत दोघी. आणि तिथं असणार फक्त सराव शिबिरापुरती. सामने बोर्ड देईल त्या गावी. पुण्यात लागले तर बघायलाच या. जेवणाचं म्हणशील तर भात मुबलक. छोटा कुकर, मेतकूट आणि शेंगाचटणी बरोबर नेतेय. बाबा, पुढचं वाक्य तुम्ही वाचू नका. आई, मी रोज चार अंडी खाते. माळ तुमच्या गळ्यात आहे, माझ्या नाही, आणि डाळीवर एवढं अंग भरत नाही.

परवा बोटाची साल निघाली, तेच पहिलं बोट. तू हळद-तूप लावायचीस आणि बाबा ओरडायचे, ‘तूप नको, बॉल निसटेल!’ मग रात्री ते झोपल्यावर तू लावायचीस. सकाळी डेपोमागच्या मैदानात बाबा माझं बोट हुंगून बघायचे. आता मी टेप लावते. सामन्यात ती काढावी लागते, तेव्हा झोंबतं, आणि तेव्हा तुझीच आठवण येते.

बरं, आता माझं ऐका. बाबा, वारीत पायाला आलेला फोड अजून भरलेला नाही, ताईनं सांगितलं. साखर असलेल्या माणसानं अनवाणी चालायचं नाही, देवळातून घरापर्यंतसुद्धा नाही. रोज रात्री तळपाय आईला दाखवायचे. तीन महिन्यांची साखर तपासायची ती तपासायचीच. रिपोर्टचा फोटो मला, ताईला नाही. ती तुमचं ऐकून आकडे लपवते. आई, हंडे उचलणं बंद. मोटर लावून घ्यायला माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेत, त्याला परत पाठवू नकोस. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही.

दिवाळीला जमेल असं वाटत नाही. जमलं तर न सांगता येईन, पण वाट बघत बसू नका. चकल्या मात्र ठेव.

तुमची,
माई

ता. क. बाबा, नोंदणीसाठी माझा जन्मदाखला लागणार आहे, मूळ प्रत. लोखंडी कपाटात, एलआयसीच्या पिशवीत आहे. पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा. पोस्टात रिक्षानं जा, आणि चप्पल घालून.