अण्णांच्या आतड्याचा पीळ

लातूर

प्रिय सुधाकर,

काल फोनवर तूही घाईत होतास आणि मीही वॉर्डात. म्हणून निवांत लिहितोय.

अण्णांचं पोट उतरलंय, वारा सरतोय, सकाळी वाटीभर पेज घेतली. आता रेणापूरला घरी न्यावं असं तुला वाटतंय. एवढ्यात नको नेऊस.

त्यांच्या मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग, सिग्मॉइड, लांब आणि सैल झालाय. जुनी बद्धकोष्ठता, त्यात पार्किन्सन्स. मळानं, वायूनं भरलेला तो भाग स्वतःभोवती फिरला आणि पीळ बसला. एक्स-रेत तो कॉफीच्या बीसारखा फुगलेला दिसत होता. दुर्बीण आत घातली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पिळाच्या जागी अस्तर गोल मुरडलेलं, पण रंग गुलाबी होता. काळं पडलेलं असतं, तर तिथंच थांबून लगेच पोट उघडावं लागलं असतं. सर्जननी दुर्बीण हलकेच पुढं सरकवली आणि वायू आणि पातळ मळ असा सुटला की चादर, फरशी सगळं भिजलं. टम्म फुगलेलं पोट डोळ्यांदेखत खाली बसलं. अण्णा म्हणाले, "मोकळं वाटलं बाबा."

ही पद्धत जुनीच. नॉर्वेच्या ब्रुसगार्ड यांनी 1947 मध्ये ती मांडली. पीळ सुटल्यावर वायू बाहेर पडत राहावा म्हणून आत ठेवलेली नळी एक ते तीन दिवसांत काढतात. पण पीळ सुटला तरी सैल आतडं तसंच राहतं, आणि नुसतं एवढ्यावर सोडलेल्यांपैकी निम्म्या, कधी त्याहून जास्त लोकांना पुन्हा पीळ पडतो. रात्री-अपरात्री, उशिरा पोचून, आतडं सडल्यावर होणारं ऑपरेशन अण्णांना झेपणार नाही. मला भीती त्याचीच आहे.

धडधाकट माणसाला याच भरतीत तो भाग कापून काढायचा सल्ला मी डोळे झाकून दिला असता. अण्णांचं हृदय कमजोर आहे, तरी तो रस्ता लगेच बंद समजू नकोस. हे आतडं इतकं सैल असतं की डाव्या बाजूला खाली छोटा छेद घेऊन बाहेर ओढता येतं. काही ठिकाणी पूर्ण भूल न देता, कमरेत इंजेक्शन देऊन हे करतात. भूलतज्ज्ञांना हे स्पष्ट विचार.

ते नाही म्हणाले, तर दुर्बिणीनंच आतडं पोटाच्या भिंतीला आतून टाचून टाकता येतं. थोडी गुंगी देऊन कातडीतून बारीक नळ्या आतड्यात बसवतात. शक्यतो दोन जागी, कारण एकाच जागी बांधलं तर त्याच टाच्याभोवती ते फिरू शकतं. नळीतून वायूही काढता येतो. जोखीम आहेच: नळीपाशी पू होतो, क्वचित मळ पोटात झिरपतो आणि तेव्हा जिवावर बेततं. नळ्या बऱ्याचदा कायमच्या ठेवाव्या लागतात, रोज स्वच्छता आली. वहिनींवर एकटीवर ते टाकू नकोस. हे करणारे हात सगळीकडे नाहीत, म्हणून संभाजीनगर, पुणे, हैदराबादला कुणी नेमानं करतं का ते मी विचारतोय.

अण्णा शुद्धीत आहेत, सगळं समजतं त्यांना. तुम्हा भावंडांत ठरवण्याआधी त्यांना विचार. "पोरांनो, कापू नका" म्हणाले तर तेही ऐकावं लागेल, पण आधी पुढं काय होऊ शकतं ते सांगायलाच हवं.

आणि काहीही ठरलं तरी पोट पुन्हा फुगलं, वारा-शौच बंद झालं, कळा आल्या, तर घरी एनिमा नाही, ओवा-हिंग नाही, सकाळची वाट नाही. सरळ गाडी काढायची.

शनिवारी ये. हृदयाच्या इकोचा (सोनोग्राफीचा) रिपोर्ट आणि पार्किन्सन्सच्या गोळ्यांची चिठ्ठी आण, त्यातल्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढते. सर्जनशी मी बोलून ठेवतो, तिघं एकत्र बसू.

तुझा,
विलास