ओसरीत ड्रम, माडीवर तीनच माणसं

पुणे, २३ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलणं अर्धवट राहिलं आणि बाबा शेवटी "बरं, बघू" म्हणाले. बाबांचं "बघू" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून सगळं नीट लिहून कळवते. माझ्या विद्यार्थ्यांना आपल्या वाड्यात म्युझिक व्हिडिओचं शूटिंग करायला मी होकार दिलाय. शनिवार-रविवार, १३ आणि १४ डिसेंबर. मुलं दहा, बँडचे चौघं, एकूण चौदा. रात्री कुणीही वाड्यात राहणार नाही, त्यांची सोय गावातल्या लॉजवर आहे.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर सिनेमाचं शूटिंग असलं की तुम्ही जे बघता, जनरेटरची गाडी, रस्त्यावर दोर, शंभर माणसं, त्यातलं इथे काहीही नाही. एक कॅमेरा, तीन दिवे, एक स्पीकर. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एखाद्या बँडसाठी म्युझिक व्हिडिओ करायचा असतो, त्याला मार्क असतात. गाणं बँडचं स्वतःचंच हवं हा आमचा नियम. दुसऱ्याचं गाणं घेतलं तर चालीचे हक्क एकाकडे आणि ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे, आणि दोन्हीकडून परवानगी येईपर्यंत परीक्षा होऊन जाते. जागेचंही तेच. पुण्यात रस्त्यावर करायचं तर पोलिसांची परवानगी, किल्ल्यावर करायचं तर पुरातत्त्व खात्याची, आणि मेणवलीचं भाडं मुलांच्या खिशाला झेपत नाही. शिवाय तिथला नदीचा घाट लोकांनी पडद्यावर इतक्यांदा पाहिलाय की आता तो कुणाच्याच गाण्याचा वाटत नाही.

आपल्याकडे ओसरी, माजघर, चौक, माडी सगळं हाकेच्या अंतरावर आहे. विद्यार्थ्यांचं शूटिंग फसतं ते बहुतेक वेळा जागा बदलण्यात. सामान गुंडाळा, गाडीत घाला, पुन्हा उतरवा, दिवे पुन्हा लावा, यात दोन तास जातात आणि तोवर ऊन गेलेलं असतं. दुसरं म्हणजे माडी मार्चमध्ये उतरवायची आहे. त्यावर दादा आणि मी तुमच्याशी बोललोय, पुन्हा तो विषय काढत नाही. फक्त त्याआधी तो जिना आणि ती महिरप कुणीतरी चांगल्या उजेडात टिपलेली असावी, एवढंच वाटतं. आपल्याकडे फोटो पुष्कळ आहेत, पण प्रत्येकात कुणीतरी महिरपीच्या समोरच उभं आहे.

बाबा, आता आवाजाचं. गाणं आधीच स्टुडिओत पूर्ण झालेलं आहे, वाड्यात गाणं रेकॉर्ड होणार नाही. स्पीकरवर गाणं लावायचं आणि त्यावर मुलांनी वाजवायचं-गायचं. कॅमेऱ्यातला आवाज एडिटिंगच्या वेळी चित्र आणि गाणं जुळवण्यापुरता लागतो, मग काढून टाकतात. त्यामुळे आई, कुकरच्या शिट्ट्या होऊ देत, दाराशी कुणी आलं तर बोल, कुणी "शांत बसा" म्हणणार नाही. गाणारी मुलगी मात्र खरंच मोठ्याने गाईल. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ताणल्या जात नाहीत आणि खोटेपणा पहिल्याच क्लोजअपमध्ये उघडा पडतो. गिटारला वायर लावलेली दिसेल, ती कुठेच जोडलेली नसते, पण तिच्याशिवाय ते हास्यास्पद दिसतं. ड्रमवालाही जोरात वाजवणार, कारण हळू मारलेली काठी लगेच कळते. ड्रमच्या आत टॉवेल भरतात, त्याने धमक बरीच उतरते, पण झांजांना काही करता येत नाही. त्याला स्वतःलाच त्या गोंगाटात स्पीकर ऐकू येत नाही, म्हणून एका कानात इअरफोन असतो, केसांखाली लपवलेला.

गाणं ३ मिनिटं ३१ सेकंदांचं आहे. ते तुम्हाला बऱ्याचदा ऐकावं लागेल, हे आधीच सांगून ठेवते. कॅमेरा एकच, म्हणून सात ठिकाणांहून प्रत्येकी तीनदा, म्हणजे पूर्ण गाणं एकवीस वेळा. सुरुवातीला पूर्ण बँड दिसेल असा लांबचा टेक, सबंध गाणं न थांबता. पुढे पाऊस आला, कॅमेरा रुसला, कुणाचं बोट कापलं, तरी हातात एक आख्खं गाणं असतं. मुलं नेमकी उलटी सुरुवात करतात. सकाळभर हाताचे सुंदर क्लोजअप घेत बसतात आणि संध्याकाळी कळतं की बँड एकत्र कुठेच दिसत नाही. या वेळी मी क्रम लिहूनच दिलाय.

एखाद्या वेळी गाणं दुप्पट वेगाने लागेल आणि गाणारी मुलगी घाईघाईत गाताना दिसेल. मशीन बिघडलं असं समजू नका. सेकंदाला ५० चित्रं घ्यायची आणि २५च्या वेगाने दाखवायची. मग हालचाल संथ होते आणि ओठ मूळ गाण्याशी बरोबर जुळतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत संथ चित्रणाच्या वेळी आवाज मुद्रित होत नाही, म्हणून त्या टेकच्या सुरुवातीला एक मुलगा गाण्याची वेळ दाखवणारा मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरेल. ते विसरलं की नंतर ओठांवरून अंदाज बांधत रात्र जाते.

स्पीकर बँडच्या पायाशीच ठेवायचाय, तोही वायरने जोडलेला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे स्पीकर चौदाएक मीटर लांब ठेवला की तो एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, उशिरा पोचतो. दोन-तीन फ्रेमचा फरक पडला की बघणाऱ्याला खटकायला लागतं. बाबा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रा आहे. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून एक मात्रा बरोबर १५ फ्रेमची आणि चार मात्रांचा खंड ६० फ्रेमचा. मुलांनी लय सुदैवाने सोयीची निवडली. चित्र कापायचं ते समेवर की समेच्या किंचित आधी, यावर त्यांचे वाद चालतात. आधी कापलं तर नजर तयार असते आणि सम अंगावर येते, असं मला वाटतं. तुम्ही त्यांना दोन शब्द सांगितलेत तर ऐकतील. तबल्याची जोडी फ्रेममध्ये ठेवू का, असं त्यांनी विचारलंय. नुसती ठेवायची, झाकणासकट. वाजवायचं काहीही नाही, मी ते आधीच सांगितलंय. आणि तीही नको असेल तर नको, मला कळवा, मीच त्यांना सांगेन.

विजेची काळजी तुम्ही करणार हे माहीत होतं. जुने हॅलोजन दिवे हजार-हजार वॉटचे असत, तापत आणि फ्यूज उडवत, ते येणार नाहीत. एक ३०० वॉटचा आणि दोन १५० वॉटचे एलईडी, मिळून ६०० वॉट, म्हणजे जेमतेम अडीच-तीन अँपिअर. आईची इस्त्री याहून जास्त ओढते. अडचण येते ती मोटारची. ती सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट खेचते, व्होल्टेज खाली जातं आणि चाललेल्या टेकमध्ये दिवा लुकलुकतो. तेव्हा मोटार सकाळी सहाच्या आत लावून टाकी भरून घ्या. गीझरही सातच्या आत बंद. अंघोळी आधी उरका, हवं तर परत पांघरूण घेऊन बसा.

माजघरातला तो छोटा एलईडी बल्ब मुलं तात्पुरता काढतील. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावर स्वस्त बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या शटरची वेळ १/५० किंवा १/१०० सेकंद सोडून दुसरीकडे गेलं की चित्रात आडवे पट्टे येतात. आई, बल्ब फेकणार नाहीत, जाताना परत लावतील. भिंतीवरची दिनदर्शिकाही खाली येईल, नाहीतर पाहणाऱ्याची नजर गाण्याऐवजी तारखेवर जाते. आजोबांच्या फोटोला हात लावायचा नाही असं सांगितलंय. भिंतीला चिकटपट्टी लावायला बंदी आहे, चुना पापुद्र्यासारखा निघतो. दिव्यांचे स्टँड स्वतःच्या पायावर उभे राहतील, पायावर वाळूच्या पिशव्या. ड्रमखाली सतरंजी लागते, कारण पायपेडलच्या प्रत्येक ठोक्याला मोठा ड्रम पुढे सरकतो. सतरंजी तेच आणतील, लग्नातली काढून देऊ नकोस.

धुराचं मशीन आणायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावलं. उन्हाची तिरीप दिसावी म्हणून सगळ्यांना तो धूर हवा असतो. तुम्हाला दम लागतो, बाबा, विषय संपला.

माडीवर एका वेळी तीनच माणसं. ड्रम, मोठे स्टँड, नाचणं, काहीही वर नाही. तुळयांचं तुम्हाला माहीतच आहे. गाणारी मुलगी, कॅमेरा आणि फोकस बघणारा, एवढेच वर जातील आणि बाकीचे चौकात थांबतील. जिन्याच्या तळाशी एक मुलगा मोजायला बसवलाय. तुम्ही दोघं मात्र वर जाऊ नका. आई, "जरा बघून येते" नाही. काय दिसतंय ते खाली स्क्रीनवर दाखवतील.

दिवसाचं वेळापत्रक असं. ओसरीत ऊन साडेसातला येतं आणि साडेनऊपर्यंत तिरकं असतं, तेवढ्यात बँडचे मुख्य टेक. नंतर चौकात, सावलीच्या बाजूला, पांढरा थर्माकोल धरून उजेड चेहऱ्यावर परतवायचा. बारानंतर ऊन डोक्यावर येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, चेहरे थकलेले दिसतात. म्हणून साडेबारा ते साडेतीन काम बंद. जेवण, आणि मेमरी कार्डवरचं सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवणं. दोन्ही प्रती उघडून बघेपर्यंत कार्ड पुसायचं नाही. बाबांची झोप त्यात येतेच. तीन तास वाड्यात गाणं लागणार नाही. साडेतीनला परत सुरू, कारण सूर्य पाचगणीच्या डोंगराआड लवकर जातो. माजघरातला समईच्या उजेडातला एक शॉट सातनंतर आहे, तो साडेआठच्या आत संपेल. कायद्याने लाउडस्पीकरला रात्री दहापर्यंत मुभा असली तरी शेजारच्या काकूंची वेळ मला माहीत आहे. त्यांना मी स्वतः फोन करते.

समईच्या शॉटमध्ये वात सारणारे हात त्यांना हवेत. आई, तुझेच हवेत असं ती मुलं म्हणतात, आणि मला त्यांचं पटलं. वीज गेली की त्याच हातांकडे बघत आम्ही दोघं कोपऱ्यात गप्प बसायचो. चेहरा दिसणार नाही. बांगड्या रोजच्याच असू देत, नव्या घालू नकोस, आणि हाताला क्रीम लावू नकोस, उजेडात चमकतं. तीन-चारदा करावं लागेल, खाली बसून नाही, स्टुलावर बसून. गुडघ्याला ताण आला तर सरळ उठ.

आता स्वयंपाक. करायचा नाही. चौदा माणसांचे डबे खानावळीतून येणार, चहा थर्मासमधून, आणि पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे तीन जार रोज. मुलांच्या बजेटात जेवण आणि प्रवास मिळूनच निम्म्याहून जास्त पैसे जातात, ते त्यांनी धरलेले आहेत. एकदा तू "थोडा शिरा करते" म्हणालीस की सगळे स्वयंपाकघरात आणि कॅमेरा ओसरीत एकटा. संध्याकाळी सामान बांधून झाल्यावर काय ते दे.

ओसरीतली बाबांची खुर्ची दोन दिवस पडवीत जाईल. पेपर तिथे येईल, चहा तिथे येईल, ऊनही तिथे बरं असतं, आणि सगळं दिसतं. वायरी भिंतीच्या कडेने, वर रबरी पट्ट्या. स्वयंपाकघर ते न्हाणीघर या वाटेत एकही वायर येणार नाही. तरी बाबा, ते दोन दिवस हातात काठी असू द्या. माझ्यासाठी. गोळ्या सकाळी आठला, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या टेकच्या मध्ये. एका मुलीला आठवण करायला सांगितलंय, तिच्यावर चिडू नका.

३० तारखेला दोघं जण रेकीला येतील. मोजपट्टी घेऊन खोल्या मोजतील, मेनस्विच बघतील, ऊन कुठून कुठे सरकतं त्याचे तासातासाला फोटो काढतील. त्यांना माडी बाबांनीच दाखवावी, खालून. त्यांच्याबरोबर एक पानाचा कागद येईल. घराचं चित्रण करायला आणि ते दाखवायला परवानगी, नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, एवढंच त्यात आहे. वाचा, मग सही करा. पटलं नाही तर खोडा आणि शेजारी लिहा, त्यांनाही ते शिकायचंच आहे. आईच्या हातांसाठी वेगळा छोटा कागद आहे.

मी शुक्रवारी रात्री पोचते. सुरूर फाट्यावरून रिक्षाने येईन, न्यायला येऊ नका. जेवून येईन.

तुमची,
चिमी

ता. क. : दादाला सगळं कळवलंय. त्याचा फोन आला तर "चिमी म्हणाली होती" एवढंच सांगा, बाकी मी बोलते. आणि एका टोपलीत रांगोळी, खडू, सुतळी आणि जुन्या चादरी काढून ठेव, आई. उभं राहायच्या खुणा करायला खडू लागतो आणि खिडकी झाकायला चादरी, आणि मुलं नेमकं हेच विसरतात.