अपडेट कुणाकडे अडकलंय, एवढं तरी दिसू द्या

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : मोबाइलचं सॉफ्टवेअर अपडेट वेळेवर येत नाही आणि का येत नाही ते कोणीच सांगत नाही, याबाबत.

साहेब, नमस्कार.

मराठीतच लिहितोय. तुमचं शिंदे घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं, त्यामुळे भाषांतर करायला माणूस बसवावा लागणार नाही असं धरून चालतो. मी चोपड्याचा, जिल्हा जळगाव. ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, जे येईल ते करतो. लोक नावाने कमी आणि 'ऑनलाइनवाला' म्हणूनच जास्त ओळखतात. दिवसभर दुसऱ्यांचे फोन माझ्या हातात असतात, ओटीपी बघायला, फोटो टाकायला, ॲप उघडून द्यायला, त्यामुळे हे जे लिहितोय ते फक्त माझ्या एका फोनचं रडगाणं नाही. तरी सुरुवात माझ्या फोनपासूनच करतो, कारण त्याचे पैसे मी भरलेत.

२०२१ मध्ये फोन घेतला. खोक्यावर भलंमोठं '५जी' छापलेलं. तेव्हा देशात ५जीचा पत्ता नव्हता, पण दुकानदार म्हणाला भाऊ, पुढचा विचार करून घ्या, मग घेतला. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत पंतप्रधानांनी ५जी सुरू केलं, आमच्या तालुक्यापर्यंत यायला वेळ लागला, तो लागणारच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आल्यावर काय, शेजारच्या पोराच्या माझ्यापेक्षा स्वस्त फोनवर ५जी झळकायला लागलं आणि माझा फोन ४जीवरच बसून. नेटवर्कच्या कस्टमर केअरला फोन लावला तर ताई म्हणतात सर, आमच्याकडून सगळं चालू आहे, हँडसेट कंपनीचं अपडेट आलं नसेल. हँडसेट कंपनीच्या चॅटवर गेलो तर तिथला म्हणतो ऑपरेटरकडून टेस्टिंग पूर्ण झालं की टप्प्याटप्प्याने येईल, कृपया प्रतीक्षा करा. ऑपरेटरच्या स्टोअरमध्ये गेलो, सिम बदलून बघा म्हणे, बदललं, काही फरक नाही. जळगावच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने तर सरळ 'रिसेट मारून देऊ का' म्हणून विचारलं, म्हणजे माझे सगळे फोटो, ग्राहकांचे नंबर, सगळं उडवायचं आणि तरी ५जी येईलच याची गॅरंटी नाही.

फोनात चिप होती, अँटेना होती, पैसे आधीच वसूल झालेले होते. कमी होतं ते फक्त एक सॉफ्टवेअर.

आता हे का होतं ते मी जमेल तसं समजून घेतलं, तुमच्या अधिकाऱ्यांना माहीतच असेल पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. जिओने ५जी 'स्टँडअलोन' पद्धतीने, म्हणजे ४जीचा आधार न घेता उभं केलं आणि एअरटेलने सुरुवात 'नॉन-स्टँडअलोन'ने केली, म्हणजे ४जीच्या पायावर. फोन दोन्हीकडे चालायचा असेल तर दोन्ही पद्धती आणि ते ते बँड (लहरींचे पट्टे) फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे लागतात, नेटवर्कवर तपासावे लागतात, मग अपडेट निघतं. म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून करायचं काम. आणि हे काही आमच्यासारख्या स्वस्त फोनवाल्यांचंच झालं असं नाही, लाखाचा आयफोन घेणारेसुद्धा डिसेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.२ हे अपडेट येईपर्यंत ४जीवरच होते. तेवढाच आपला समाजवाद!

पण सगळं खापर नेटवर्कवाल्यांवर फोडणं बरोबर नाही, हेही सांगतो. अमेरिकेत ही जुनी तक्रार आहे, कारण तिथे बऱ्याच लोकांनी फोनच नेटवर्क कंपनीकडून हप्त्याने घेतलेला असतो, आणि ती कंपनी आधी स्वतः तपासणार, मग अपडेट सोडणार. आपल्याकडे फोन घ्यायचा दुकानातून आणि सिम घ्यायचं वेगळं. त्यामुळे अँड्रॉइडचं साधं अपडेट अडलं तर ते बहुतेक वेळा फोन कंपनीकडेच अडलेलं असतं. ५जी, व्होल्टी (४जीवरून होणारे कॉल), वाय-फाय कॉलिंग असलं काही असलं की मग नेटवर्कवाला त्यात येतो. अडचण अशी की गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही, त्यामुळे दोघांनाही खोटं बोलायला मोकळं रान.

वाय-फाय कॉलिंगचंच घ्या. माझ्या मामांचं गावातलं घर अजून धाब्याचं आहे, मातीच्या जाडजूड भिंती, उन्हाळ्यात आत एसीची गरज नाही पण टॉवरची रेंज उंबऱ्यापाशीच संपते. मामेभावाने फायबर घेतलं, घरात वाय-फाय छान चालतं, क्रिकेट दिसतं, व्हिडिओ कॉल होतो. साधा कॉल मात्र येत नाही, समोरच्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू येतं. वाय-फायवरून कॉल घ्यायची सोय नेटवर्ककडे आहे, मामेभावाच्या फोनवर ती चालू आहे, मामांच्या फोनच्या सेटिंगमध्ये तो ऑप्शनच नाही. का तर ते मॉडेल अजून यादीत नाही. कोणाच्या यादीत? नेटवर्कवाला म्हणतो कंपनीच्या, कंपनी म्हणते नेटवर्कच्या. बँकेचा फोन यायचा असला की मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसतात.

५जी नसलं तर माणूस मरत नाही. खरी काळजी सिक्युरिटीच्या अपडेटची आहे.

माझ्या दुकानात कोणी फोन दिला की मला एक सवय लागलीय, सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी पॅचची, म्हणजे दोष बुजवणाऱ्या शेवटच्या अपडेटची, तारीख बघायची. परवा एका अप्पांचा फोन बघितला, वर ठळक अक्षरात 'तुमचा फोन अपडेटेड आहे', शेजारी हिरवी टिकसुद्धा, आणि खाली पॅचची तारीख दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे फोन खोटं बोलत नाही, कंपनीने पाठवलेलं सगळं त्यात आहे, फक्त कंपनीने पाठवायचंच बंद केलंय. अप्पांना हे कसं सांगू? त्याच फोनवर त्यांचं बँकेचं ॲप आहे, युपीआय आहे, कापसाचे पैसे त्याच्यावर येतात. गुगल ऑगस्ट २०१५ पासून दर महिन्याला अँड्रॉइडमधल्या दोषांचं बुलेटिन काढतं आणि फोन कंपन्यांना त्याची माहिती जाहीर करायच्या निदान महिनाभर आधी देतं. म्हणजे कंपनीला आम्हाला कळायच्या आधी कळलेलं असतं. तरी महाग मॉडेलला दर महिन्याला, मधल्याला तीन महिन्यांनी आणि अप्पांच्या फोनला जमलं तर. सायबर सुरक्षा बघणारी आपली सरकारी सर्ट-इन संस्था मधूनमधून इशारा देते की अमुक अँड्रॉइड व्हर्जनमध्ये गंभीर दोष आहेत, ताबडतोब अपडेट करा. साहेब, करतो हो, पण ते येऊ तर द्या.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. आमच्याकडे पीएम किसानच्या किंवा आरटीओ चलानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके (ॲप टाकायच्या फायली) येतात आणि लोक ते टाकून फसतात. त्यात माणूस स्वतः परवानगी देतो, त्यामुळे पॅच असता तर सगळे वाचले असते असा दावा मी करणार नाही. पण कडी लावलेली असूनही चोर येतो म्हणून दाराला कडीच नको असं तर आपण म्हणत नाही ना.

आणि फोन काय आम्ही हौसेने वापरतो का? १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर, शेतात उभं राहून फोटो काढायचा. २०२५ पासून सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि स्लॉट. खान्देशात कापूस म्हणजे काय ते दिल्लीत बसलेल्याला सांगायला नको, धुळे, जळगाव, नंदुरबार, बरीचशी घरं त्यावर चालतात. सरकार म्हणतं फोनवर या. आलो. मग फोनचं आयुष्य किती हे ठरवायचा अधिकार फक्त कंपनीकडे कसा राहतो? चांगला चालणारा फोन, काच फुटलेली नाही, बॅटरी ठीक, आणि नवं ॲप घ्यायला गेलं की ह्या अँड्रॉइडवर चालणार नाही. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, "भो, हाऊ फोन आते जुना व्हई गया, नवा ली ल्या." ली ल्या म्हणायला त्याचं काय जातं, केळीला भाव नसला की इकडे नवा फोन म्हणजे किराण्यात काटछाट.

सरकारच्या हातात काही नाही असं कृपया म्हणू नका. एप्रिल २०१६ मध्ये नियम काढला आणि १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक फोनला पॅनिक बटण सक्तीचं केलं, कंपन्यांनी दिलं. भारतीय भाषा चालल्याच पाहिजेत म्हटलं, चालवल्या. ५जीच्या वेळेसही ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी फोन कंपन्या आणि ऑपरेटर दोघांना एकत्र बसवलं आणि अपडेट लवकर काढा म्हणून सांगितलं, तशा बातम्या आल्या होत्या. म्हणजे दोघं एका टेबलावर बसतात, बसवणारा पाहिजे.

आणि अगदी ताजं, तुमच्याच खात्याचं. २८ नोव्हेंबर २०२५ चा आदेश होता की संचार साथी ॲप नव्या फोनात आधीपासून टाका, आणि जे फोन बनून दुकानात पोचलेत त्यात सॉफ्टवेअर अपडेटने टाका. मुदत किती, ९० दिवस. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. ॲप चांगलं का वाईट हा वाद मला इथे घालायचाच नाही, चोरीला गेलेला फोन ब्लॉक करायला मीच लोकांना संचार साथीच्या पोर्टलवर नेतो आणि कामही होतं. माझा मुद्दा एवढाच की सरकारचं ॲप पोचवायचं होतं तेव्हा अपडेटला दिवस मोजून देता आले. आमच्या पॅचसाठी तेच दिवस मोजायला काय अडचण आहे?

बाहेर काय चाललंय तेही बघा. अमेरिकेत मे २०१६ मध्येच तिथल्या दोन सरकारी संस्थांनी, एफसीसीने नेटवर्क कंपन्यांना आणि एफटीसीने फोन कंपन्यांना, पत्रं पाठवून विचारलं की सिक्युरिटी अपडेट कसं आणि किती दिवसांत देता. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून किती काळ सिक्युरिटी अपडेट देणार ते कंपनीला जाहीर करावंच लागतं. युरोपात २० जून २०२५ पासूनचा नियम आहे की मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही पाच वर्षं अपडेट, आणि मूळ सिस्टिमचं सिक्युरिटी अपडेट निघाल्यापासून जास्तीत जास्त चार महिन्यांत ते गिऱ्हाइकापर्यंत. त्याच कंपन्या, बऱ्याचदा तीच मॉडेलं. तिकडे जमतं आणि चोपड्यात जमत नाही?

तर मागणी काय. जळगावच्या गोलाणी मार्केटला जाऊन कुठलाही नवा फोन हातात घ्या, खोक्याच्या मागे एमआरपी असते, आयएमईआय असतो, बनवल्याचा महिना असतो, रेडिएशनची सार व्हॅल्यूसुद्धा असते जी बघून फोन घेणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. त्याच लेबलवर एक ओळ वाढवा, 'सिक्युरिटी अपडेट अमुक महिना, अमुक साल पर्यंत'. दुकानात स्वस्त आणि महाग फोन शेजारी ठेवून माणूस ती ओळ वाचेल आणि मग स्वतःच ठरवेल, कंपनीला दुसरं काही सांगायची गरज नाही.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोस्ट खातंही तुमच्याकडेच आहे. मी इथून स्पीड पोस्ट केलं तर ते आज कुठल्या ऑफिसात पडलंय ते नंबर टाकला की दिसतं, उशीर झाला तरी कोणाकडे झाला ते कळतं. अपडेटचं तसं दाखवा ना. प्रत्येक मॉडेलसमोर लिहा, मूळ पॅच या तारखेला निघाला, फोन कंपनीने या तारखेला तयार केला, ऑपरेटरकडे तपासणीला या तारखेला गेला, अजून तिथेच आहे. वाय-फाय कॉलिंग आणि ५जीच्या हँडसेट याद्यांनाही हेच लावा. नुसतं हे जाहीर करायची सक्ती केली तरी अर्धं काम होईल, कारण मग 'त्यांना विचारा' म्हणता येणार नाही. आज लोक म्हणतात ग्राहक आयोगात जा. जाईन हो, पण तिथे विरुद्ध पक्ष म्हणून नाव कोणाचं टाकू?

मला माहितीये की हँडसेटचा विषय आयटी मंत्रालयाकडे आहे, लेबलचा ग्राहक व्यवहारकडे आणि ट्राय या दूरसंचार नियामकाचा अधिकार ऑपरेटरपुरता. पण पत्र तुम्हालाच लिहिलंय, कारण फोनमध्ये सिम आहे आणि सिमवाले तुमच्याकडे आहेत. बाकी दोन मंत्र्यांशी तुम्ही बोलून घ्या, तुमची भेट कॅबिनेटला होतच असते.

उत्तर आलं तर मराठीत द्या, प्रिंट काढून दुकानात लावतो. आणि 'सदर बाब आमच्या अखत्यारीत येत नाही' असं उत्तर असेल तर ती कोणाच्या अखत्यारीत येते ते त्याच कागदावर लिहा.

आपला,
एक ऑनलाइनवाला
चोपडा, जि. जळगाव